आगगाडीमागचा डोंगर किती उंच?

जळगाव जिल्ह्यातील पाचोरा ते जामनेर या ५६ किलोमीटरांच्या मार्गावर २०२० सालापर्यंत एक छोटी आगगाडी धावत असे. लोक तिला 'पीजे' म्हणत. वाटेतल्या पहूर स्थानकावर उतरून पूर्वी प्रवासी अजिंठ्याच्या लेण्यांकडे जात. समजा, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तुम्हाला पहूर स्थानकाची प्रतिकृती करावयाची आहे. या गाडीच्या दोन रुळांतील अंतर ७६२ मिलिमीटर होते. १:८७ हे प्रमाण घेतले तर ते पावणेनऊ मिलिमीटर भरते; म्हणजे खेळण्यांच्या बाजारात मिळणारे ९ मिलिमीटरचे रूळ चालतील. फलाट, कडुलिंब, बैलगाडी, सर्वांना ८७ ने भागा की झाले.

पण दक्षिणेला दिसणाऱ्या अजिंठ्याच्या डोंगराचे काय? तो सुमारे १० किलोमीटरवर आहे असे धरू. ८७ ने भागले तरी ११५ मीटर उरतात. एवढा वर्ग कोठून आणणार? तेव्हा डोंगर मागच्या पडद्यावर रंगवणे आले. तो किती उंच रंगवाल? बहुतेक जण चांगला वीतभर रंगवतात, आणि तेथेच देखावा फसतो.

दूरच्या वस्तूची उंची येथे प्रमाणावर नव्हे, तर ती डोळ्याशी जो कोन करते त्यावर ठरते. डोंगर सपाटीपासून २५० मीटर उंच धरला, तर २५० भागिले १०,००० म्हणजे १/४०. पडदा डोळ्यापासून १ मीटरवर असेल, तर त्यावरील डोंगर १०० सेंटिमीटरांचा चाळिसावा भाग, म्हणजे फक्त अडीच सेंटिमीटर! खरे वाटत नसेल, तर तेवढ्या लांबचा डोंगर दिसेल तेथे उभे राहून हात लांब करा आणि करंगळी आडवी धरा. जवळजवळ सारा डोंगर तिच्यामागे लपेल. प्रेक्षक मागे सरकला की हिशेब बिघडतो. म्हणून त्याची उभे राहण्याची जागा आधीच दोरी बांधून ठरवावी.

दुसरी अडचण क्षितिजाची. क्षितिज नेहमी डोळ्याच्या पातळीवर दिसते. टेबल डोळ्याखाली ४० सेंटिमीटर असेल, तर आपण जणू ३५ मीटर उंचीवरून पाहत असतो आणि पडद्यावर ४० सेंटिमीटर नुसती शेतेच रंगवावी लागतात. उपाय सोपा आहे. टेबलाखाली बाके घालून ते उंच करा, म्हणजे डोळा रुळांच्या वर १५ सेंटिमीटरच राहील. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय आहे. तेथे गेलात तर थोडे वाकून पाहा. गाडी एकदम मोठी वाटू लागते.

आता रंग. हवेचे रेणू निळा प्रकाश तांबड्यापेक्षा सुमारे चौपट विखुरतात. डोंगर आणि आपण यांच्यामधली हवाच अशी निळसर उजळते आणि डोंगराचा स्वतःचा रंग फिका पाडते. म्हणून गडद हिरवा नको, पांढरट निळा हवा. मागची रांग आणखी फिकी. मे महिना दाखवायचा असेल तर निळाही कमी करा. धुळीचे कण रेणूंहून फार मोठे असल्याने सर्व रंग जवळपास सारखेच विखुरतात आणि सगळे मळकट पांढरे दिसते. मला विचाराल तर पावसाळ्यानंतरचा आश्विन निवडावा.

आणखी एक. चित्रकलेच्या वहीतले त्रिकोणी डोंगर येथे नकोत. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हा बेसाल्ट बनला आहे, म्हणून माथे सपाट आणि उतार पायऱ्यापायऱ्यांचे. आपण दक्षिणेकडे पाहत आहोत, तेव्हा सकाळचे ऊन डावीकडून येईल. दिवा त्याच बाजूला टांगा. झाडांची सावली मात्र आकाशावर पडता कामा नये. त्यासाठी पडदा वीतभर मागे सरकवावा, आणि खोलीच्या कोपऱ्यात तो दुमडू न देता वळवून न्यावा.

लेणी दाखवण्याचा मोह होईल, पण वाघोरा नदीच्या नालाकृती घळीत ती दडलेली आहेत. पहूरहून दिसणारच नाहीत. हवीच असतील तर वेगळे टेबल घ्या. तो कडा सुमारे ७६ मीटर उंच आहे. समोर उभे राहून पाहावयाचा असल्याने त्याला पुन्हा ८७ नेच भागायचे: ८७ सेंटिमीटर, म्हणजे मघाच्या साऱ्या डोंगराच्या जवळजवळ पस्तीस पट!