2004 : लाट नव्हती, बेरीज होती

डिसेंबर 2003 मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान आणि छत्तीसगड जिंकताच भाजपने लोकसभा निवडणूक काही महिने अलीकडे ओढली. ‘इंडिया शायनिंग’ या प्रचारमोहिमेचा गाजावाजा झाला. बहुतेक जनमत चाचण्यांनी भाजपच्या राष्ट्रीय लोकशाही आघाडीला (रालोआ) पुढे दाखवले. 13 मे 2004 रोजी मतमोजणी झाली आणि वाजपेयी सरकार गेले. त्या निकालाबद्दलचे काही समज आजही कायम आहेत.

गैरसमज : देशाने काँग्रेसला भरभरून मते दिली.

वस्तुस्थिती : काँग्रेसची मते 1999 च्या 28.3 टक्क्यांवरून 26.5 टक्क्यांवर घसरली, तरी जागा 114 वरून 145 झाल्या. मित्रपक्षांसाठी जागा सोडत पक्षाने 453 ऐवजी 417 जागाच लढवल्या होत्या. भाजपची मते जेमतेम दीड टक्क्याने घटली, जागा मात्र 182 वरून 138 वर आल्या. फरक पाडला तो मित्रांनी. रालोआ सोडून आलेल्या द्रमुकच्या आघाडीने तमिळनाडूतल्या 39 च्या 39 जागा जिंकल्या. आंध्रात भाजपचा साथीदार तेलुगू देसम 29 वरून 5 वर आला.

गैरसमज : खेड्यांनी सरकार पाडले, शहरे सोबत होती.

वस्तुस्थिती : शेतकऱ्यांचा राग खरा होता, पण मुंबईतल्या सहापैकी पाच जागांवर शिवसेना-भाजप युती हरली. लोकसभाध्यक्ष मनोहर जोशी हरले, पेट्रोलियममंत्री राम नाईक यांना अभिनेता गोविंदाने पाडले. दिल्लीतही काँग्रेसने सातपैकी सहा जागा घेतल्या. उलट, मोठा ग्रामीण भाग असलेल्या मध्य प्रदेशात 29 पैकी 25 जागा भाजपच्या. महाराष्ट्रातही एकूण 48 पैकी 25 जागा युतीकडेच राहिल्या.

गैरसमज : काँग्रेसच्या नव्या सरकारने डाव्यांचा टेकू घेतल्याने अर्थव्यवस्था बुडणार होती.

वस्तुस्थिती : 17 मे रोजी सेन्सेक्स 565 अंशांनी कोसळला, व्यवहार दोनदा थांबवावे लागले. पण फेब्रुवारी 2006 मध्ये त्याच सेन्सेक्सने दहा हजारांचा टप्पा ओलांडला. डाव्यांनी निर्गुंतवणुकीला खीळ घातली, हे खरे. मात्र माहितीचा अधिकार आणि ग्रामीण रोजगार हमी हे 2005 चे कायदेही याच काळातले. अमेरिकेशी होणाऱ्या अणुकरारावरून डाव्यांनी जुलै 2008 मध्ये पाठिंबा काढला, तरीही मनमोहनसिंग सरकार तरले.

देशाचा कौल म्हणून जे सांगितले जाते, ते अनेक राज्यांचे वेगवेगळे निकाल असतात. 2004 मध्ये ते एकाच दिशेने गेलेही नव्हते. जागावाटप ज्याला जमले, त्याची बेरीज मोठी झाली.