पावसाळी सहल आणि बाफले

इंदूरकरांची पावसाळी सहल बाफल्यांवाचून पुरी होत नाही. जाडसर कणकेला तुपाचे मोहन घालून केलेले गोळे आधी पाण्यात उकडावयाचे, मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजावयाचे; बाटी व बाफला यांतील अंतर या उकडण्यातच आहे. या कामास दोन तास सहज लागतात. तोवर निम्म्या मंडळींनी चूल सांभाळावी, निम्म्यांनी पायी हिंडून यावे. मात्र महूजवळ पातालपाणीस गेल्यास चूल नदीपासून दूर, उंचवट्यावर मांडावी. वरच्या अंगाला पाऊस झाला की, येथे ऊन असले तरी चोरल नदीस अकस्मात लोंढा येतो. २०११ साली तेथे माणसे वाहून गेली. म्हणून वाढण्याच्या पाळ्या ठरवितो, तशीच पाण्यावर नजर ठेवण्याचीही पाळी ठरवावी.