शर्यतीलाही आणि संसारालाही

शर्यतीचा बैल नांगराला जुंपू नये आणि नांगराचा बैल शर्यतीत उतरवू नये, हे आपल्याकडे शेतकऱ्याचे शेंबडे पोरही सांगेल. एकाची शोभा चपळाईत, तर दुसऱ्याची दमात. शिडाच्या होड्यांच्या जगातही पुष्कळ दिवस हाच न्याय चालत होता. शर्यतीची होडी हलकी, सडपातळ; आत माणसाला धड पाठ टेकावयाला जागा नाही. लांबच्या सफरीची होडी जड, ऐसपैस. पाण्याची पिंपे आणि महिन्याचा शिधा पोटात घेऊन डुलत डुलत जाणारी. हे दोन्ही गुण एकाच होडीत असावेत असा हट्ट काही माणसांनी धरला. त्यांची ही हकीकत.

मराठीच्या प्राध्यापकाला या उठाठेवी कुणी सांगितल्या, असे वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. समुद्राशी माझा प्रत्यक्ष संबंध भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचपुरताच. पण वर्गात वृत्ते शिकविताना एक कोडे मला नेहमी पडत आले आहे: नियमात चोख बसेल आणि तरीही जिवंत राहील, अशी रचना होते तरी कशी? त्याचे उत्तर मला काव्यशास्त्रापेक्षा होड्यांच्या इतिहासात अधिक स्वच्छ सापडले, म्हणून हा खटाटोप.

१९२९ साली न्यूयॉर्कच्या ऑलिन स्टीफन्स या तरुणाने एका होडीचा आराखडा काढला. वय अवघे २१. पदवीच्या नावाने पूज्य. वडिलांचा कोळशाचा घरचा धंदा होता. तो त्यांनी विकला होता, आणि त्यातला पैसा त्यांनी मुलाच्या या होडीत घातला! आपल्याकडे अशा बापाला शेजाऱ्यांनी काय म्हटले असते, ते सांगावयास नको. १९३० साली होडी पाण्यात उतरली. तिचे नाव ‘डोराड’. लांबी ५२ फूट, रुंदी जेमतेम सव्वादहा फूट, आणि खाली खोल कण्याला शिशाचे नीरम.

या नीरमाचे महत्त्व मोठे. वाऱ्याने होडी कलली की खाली लोंबणारे हे वजन तिला पुन्हा उभी करते. आपली कोलंट्या खाणारी बाहुली आठवा. तिच्या बुडाशी वजन असते म्हणूनच ती आडवी पडून राहत नाही.

१९३१ च्या जुलैत अमेरिकेच्या न्यूपोर्टहून इंग्लंडच्या प्लिमथपर्यंत अटलांटिक ओलांडण्याची शर्यत झाली. डोराडवर ऑलिन, त्याचा धाकटा भाऊ रॉड आणि खुद्द वडीलही होते. इतरांपैकी बऱ्याच जणांनी दक्षिणेची वाट धरली. ऑलिनने उत्तरेची, जवळची पण धुक्याची आणि थंडीची वाट पत्करली. १७ दिवसांत होडी प्लिमथला पोचली. तिच्याहून कितीतरी मोठी असलेली दुसरी होडी आली ती त्यानंतर सुमारे दोन दिवसांनी. त्याच उन्हाळ्यात डोराडने फास्टनेटची अवघड शर्यतही जिंकली, आणि मंडळी घरी परतली तेव्हा न्यूयॉर्कने ब्रॉडवेवरून त्यांची मिरवणूक काढली.

पण मला त्या मिरवणुकीपेक्षा एका पेटीचे कौतुक अधिक वाटते. वादळात होडीची दारे-झरोके बंद करावे लागतात. मग आत कोंदट हवा, ओले कपडे आणि ओकाऱ्या. रॉडने यावर एक उपाय काढला. छतावर एक लाकडी पेटी बसविली. तिच्या एका टोकाला वारा घेणारे भोंग्यासारखे तोंड, आणि दुसऱ्या टोकाला खोलीत उतरणारी नळी. या नळीचा काठ पेटीच्या तळापासून उंच ठेवलेला. लाटेचे पाणी आत आले तर तळाशी पडते आणि बाजूच्या भोकांतून वाहून जाते. हवा तेवढी काठ ओलांडून खाली उतरते. पुढे जगभरच्या होड्यांवर अशी पेटी बसू लागली, आणि आजही तिला डोराडच्याच नावाने ओळखतात. लांबच्या शर्यतीत वेग नुसत्या शिडात नसतो. खाली चार तास गाढ झोपून वर येणाऱ्या माणसातही तो असतो. हे त्या भावांनी नेमके ओळखले होते.

डोराड निर्दोष होती असे नाही. अरुंद असल्यामुळे ती फार डोलत असे. ऑलिनने पुढची ‘स्टॉर्मी वेदर’ अधिक रुंद केली, आणि १९३५ साली तिनेही अटलांटिकची आणि फास्टनेटची अशा दोन्ही शर्यती मारल्या.

आता दुसरी बाजू. लहानमोठ्या होड्या एकत्र धावावयाच्या तर लांबी, रुंदी, शिडे यांची मापे घेऊन प्रत्येकीला वेळेची सूट ठरवावी लागते. सूत्र आले की पळवाटही आली! गाइडे पाठ करून पहिला वर्ग मिळविणारे विद्यार्थी आम्हां मास्तरांना चांगले ठाऊक आहेत. तशाच, केवळ सूत्रावर नजर ठेवून आखलेल्या रुंद, हलक्या होड्या १९७० नंतर पुष्कळ निघाल्या. रुंद होडी सरळ असताना घट्ट उभी राहते खरी. पण एकदा उलटली की पालथीही तितकीच घट्ट राहू शकते.

त्याची परीक्षा १९७९ च्या ऑगस्टमध्ये झाली. फास्टनेटच्या शर्यतीत ३०३ होड्या निघाल्या आणि आयर्लंडजवळ त्यांना वादळाने गाठले. शर्यतीतली १५ माणसे गेली. २४ होड्या माणसांनी सोडून दिल्या. त्यांपैकी १९ पुढे सापडल्या. तराफ्यांच्या आश्रयाला जाताना सात जण दगावले, आणि त्यांनी सोडलेल्या होड्या मागाहून तरंगताना आढळल्या! हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून काही वेळ नुसता बसून राहिलो. आपल्या होडीवरचा भरवसा उडणे केवढ्याला पडते!

त्याच रात्री सगळ्यांत लहान होड्यांच्या वर्गातून एकच होडी शर्यत पुरी करून आली. ती ‘असेंट’, कॉन्टेसा जातीची, ३२ फुटी, अरुंद आणि खोल नीरमाची. हीच असेंट पुढे ध्रुवप्रदेशांतल्या बर्फापर्यंत हिंडून आली.

आपल्या किनाऱ्यालाही ही विद्या परकी राहिलेली नाही. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी डच आराखड्यावरून ५६ फुटी ‘म्हादेई’ बांधली. २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांनी तिच्यावरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. २०११ साली ती केपटाऊन ते रिओ या शर्यतीत धावली, आणि २०१२-१३ मध्ये अभिलाष टोमी यांनी कुठेही न थांबता तिच्यावरूनच जगाला फेरी घातली.

आणि ती डोराड? १९३६ साली तिने कॅलिफोर्निया ते होनोलुलू ही शर्यत जिंकली होती. २०१३ साली, म्हणजे ७७ वर्षांनी, नव्या जमान्याच्या होड्यांना वेळेच्या हिशेबात मागे टाकून तिने तीच शर्यत पुन्हा जिंकली. तिच्या काळातली सूत्रे केव्हाच रद्द झाली होती. पण ती सूत्राकडे नव्हे, समुद्राकडे पाहून बांधलेली होती.