हे लिहिणाऱ्याला कसे कळले?

विदर्भात उन्हाळ्याची सुट्टी लांबते. राज्याच्या इतर भागांत जूनच्या मध्यास शाळा भरू लागतात, तेव्हा बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्ड्यासारख्या गावात मुले बहुधा घरीच असतात. भर दुपारी बाहेर पडवत नाही. पुस्तकासाठी ही वेळ उत्तम. परंतु सुट्टीतील वाचनालाही आपण गृहपाठाचे रूप देतो : सारांश लिहा, तात्पर्य सांगा. मग मूल तात्पर्यापुरतेच वाचते. त्यात गोडीही राहत नाही आणि विचारही होत नाही.

त्याऐवजी मुलांच्या हाती एकच प्रश्न द्यावा : हे लिहिणाऱ्याला कसे कळले?

सुरुवात गावापासून करावी. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईत निजाम-उल्-मुल्कने मुबारिजखानाचा पराभव केला. आपल्या गावाचे नाव इतिहासाच्या पुस्तकात सापडले, की मूल ते पान दोनदा वाचते. मग विचारावे, तीनशे वर्षांपूर्वीची ही हकीकत लेखकाला कोठून मिळाली असेल? पत्रे, बखरी, दरबारी नोंदी यांची ओळख येथेच होते.

आता त्याच जिल्ह्यातील लोणारचे उदाहरण घेऊ. तेथील विवराविषयी दोन पुस्तके मुलांपुढे ठेवली, तर एकात त्याचे वय सुमारे ५२ हजार वर्षे आणि दुसऱ्यात सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे दिलेले आढळू शकेल. 'गुरुजी, खरे कोणते?' असे मुले विचारतील. लगेच उत्तर देऊ नये, कारण दोन्ही आकडे मोजूनच काढलेले आहेत.

अशनी आदळला तेव्हा तेथील बेसॉल्ट खडक वितळला आणि त्याची काच बनली. आसपासच्या किरणोत्सारामुळे अशा काचेत थोडी थोडी ऊर्जा साठत जाते. काच तापवली की ती प्रकाशरूपाने बाहेर पडते. या प्रकाशावरून १९९७ मध्ये पहिला आकडा मिळाला. दुसरा आकडा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी पोटॅशियमच्या किरणोत्सारी अणूंपासून बनलेला अरगॉन वायू मोजला गेला. खडक वितळताना जुना अरगॉन निसटतो आणि घड्याळ शून्यापासून सुरू होते. या पोटॅशियमचे निम्मे अणू बदलण्यास सुमारे १२५ कोटी वर्षे लागतात. म्हणून हे घड्याळ दीर्घ काळासाठी चालते.

मग पहिला आकडा कमी का आला असावा? मुलांना ठिबकणाऱ्या नळाखाली माठ ठेवायला सांगावे. माठातील पाण्यावरून नळ किती वेळ ठिबकत होता ते काढता येते. पण माठ भरून वाहू लागला किंवा झिरपत असला, तर हिशेब कमी भरतो. काचेतील ऊर्जेचेही असेच होऊ शकते. जुना लेखक खोटे बोलला नव्हता. त्याच्यापाशी तेवढेच साधन होते. हे ज्या मुलाला उमगले, त्याला विज्ञान कसे पुढे सरकते ते उमगले.

मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा. १८०५ मध्ये तो लंडनमधील एका पुस्तक बांधणाऱ्याकडे उमेदवारीला लागला. बांधणीसाठी आलेली पुस्तके तो वाची. जेन मार्सेट यांच्या रसायनशास्त्रावरील पुस्तकातील विधाने त्याने जमतील तेवढे छोटे प्रयोग करून पडताळून पाहिली. पुस्तकावरचा त्याचा विश्वास या पडताळणीमुळेच वाढला.

एवढे करण्यास मोठे ग्रंथालय लागत नाही. आठवड्यातून दोनदा ओट्यावर किंवा लिंबाच्या सावलीत दहा मुले जमवावीत. एकाने मोठ्याने वाचावे. रंगात आलेल्या ठिकाणी थांबून पुढे काय होईल ते सर्वांना विचारावे. न आवडलेले पुस्तक अर्धवट सोडण्याची मुभा असावी. कथा वाचताना प्रत्येक पानावर प्रश्न विचारू नयेत, कारण आनंद हा पहिला. गुण तर मुळीच देऊ नयेत.

शाळा उघडल्यावर 'किती पुस्तके वाचलीस?' असे विचारू नये. 'कोणती गोष्ट पटली नाही, आणि ती तू कशी तपासशील?' असे विचारावे.