उन्हातील सराव आणि संघाची जबाबदारी

शेतांतून, माळांवरून आणि टेकड्यांच्या चढउतारांवरून धावण्याची क्रॉस कंट्री शर्यत ही मुख्यतः थंडीच्या दिवसांतली. परंतु मोसमाची तयारी मात्र पुष्कळ ठिकाणी उन्हातच सुरू करावी लागते, आणि खरा धोका तेथेच असतो.

१९२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ही शर्यत कडक उन्हात झाली. ३८ धावपटू निघाले. शेवटापर्यंत पोचले अवघे १५. फिनलंडचा पावो नुर्मी जिंकला, पण कित्येकजण वाटेतच कोसळले. पुढे ही शर्यत ऑलिंपिकच्या कार्यक्रमातून वगळण्यात आली.

असे का व्हावे? धावताना स्नायू जी शक्ती खर्च करतात, तिचा सुमारे पाऊण भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. ही उष्णता मुख्यतः घामाच्या वाटे जाते. परंतु घाम गळून नव्हे, तर वाळून. १ लिटर घाम वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. म्हणूनच ग्वाल्हेरच्या कोरड्या हवेत वाळणारा घाम गोव्याच्या दमट हवेत नुसताच निथळतो. तेथे पारा खाली असला, तरी निर्धास्त राहू नये.

सुदैवाने शरीराला उन्हाची सवय लावता येते. त्यास १० ते १४ दिवस लागतात. पहिल्या काही दिवसांतच रक्तातील द्रवभाग वाढतो व हृदयावरील ताण हलका होतो. पुढे घाम लवकर आणि अधिक येऊ लागतो, आणि त्यातील मीठ कमी होते. तेव्हा शिक्षकाने आरंभी सकाळच्या वेळी, थोडा वेळ, संथ धाव घ्यावी. आधी वेळ वाढवावा, वेग नंतर. पाणी तहानेप्रमाणे द्यावे. बळेच अतोनात पाणी पाजल्याने रक्तातील सोडियम घटते, आणि तेही जिवावर बेतू शकते.

या शर्यतीत धावपटूंच्या क्रमांकांची बेरीज करतात, आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो संघ विजयी. त्यामुळे आपल्यापायी संघ हरेल या भीतीने थकलेला मुलगा थांबत नाही. तो अडखळू लागला, चिडू लागला वा असंबद्ध बोलू लागला, की उष्माघात ओळखावा. अंगावर घाम आहे म्हणून फसू नये. वैद्यकीय मदत बोलवावी, पण ती येईपर्यंत थांबू नये. त्याला तत्काळ गार पाण्याच्या टाकीत मानेपर्यंत बसवून डोके धरून ठेवावे. टाकी नसल्यास अंगावर सतत पाणी ओतून वारा घालावा. आधी अंग थंड करावे, मग रुग्णालयात न्यावे.

यास्तव पहिल्या पंधरवड्यात कोण पुढे गेला, हे पाहण्यापेक्षा मागे कोण राहिला आणि का राहिला, हे पाहणे अगत्याचे. सर्व मुले सुखरूप परतली, म्हणजे त्या दिवसाचा सराव सफल झाला असे समजावे.