आधी विचार, मग पाना!

मुलांनो, तुमच्यापैकी किती जणांनी आपल्या सायकलचं मागचं मडगार्ड काढून टाकलंय? खरं सांगा हं! बाई रागावणार नाहीत.

माझ्या सहावीच्या वर्गातल्या एका मुलाने ते काढलं होतं. पावसाळ्याचे दिवस. एके दिवशी त्याची सायकल अगदी वेगळीच दिसायला लागली. चेनकव्हर नाही, कॅरिअर नाही, मागचं मडगार्ड नाही. म्हणाला, "बाई, आता कशी रेसिंगची दिसते की नाही?" दिसत होती खरी. फक्त शाळेत येईपर्यंत त्याच्या पांढऱ्या शर्टावर मानेपासून कमरेपर्यंत चिखलाचा पट्टा उमटायचा आणि सगळा वर्ग हसायचा. तोही हसायचा.

आठ दिवसांनी मात्र हसण्यासारखं राहिलं नाही. संध्याकाळी शिकवणीहून परतताना जोराचा पाऊस आला, रस्त्यावरचे दिवे गेले. मागून एक टेम्पो येत होता. टेम्पोवाल्या काकांना पुढची सायकल अगदी जवळ आल्यावर दिसली. त्यांनी करकचून ब्रेक दाबला, टेम्पो वळवला. मुलगा घाबरून सायकलसकट गटारात पडला. कोपर सोलपटलं, चाकाची रिम वाकली. काका खाली उतरले तेव्हा त्यांचेच हात थरथरत होते. "पोरा, तू दिसलाच नाहीस रे!" एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

तो का दिसला नाही? मडगार्डवर एक लाल चकती होती, रिफ्लेक्टर. मडगार्डबरोबर तीही अडगळीत गेली होती. दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं, "ती लाल चकती कशासाठी असेल असं वाटलं होतं तुला?"

खाली मान घालून तो म्हणाला, "बाई, मला वाटलं शोभेची असेल."

मुलांनो, हे "शोभेची असेल" फक्त लहान मुलंच म्हणतात असं नाही. मोठी माणसंही म्हणतात, आणि तेही लाखो रुपयांच्या मोटारींबाबत! मोटारीचा मागचा बंपर ही अशीच एक वस्तू. कुणाला तो जाड वाटतो, कुणाला बेढब. मग पाना घेतला की काढला, करवत घेतली की कापला. बंपर म्हणजे नक्की काय हे समजायला आपण एका इंग्लिश स्पोर्ट्स कारची गोष्ट पाहू.

कमरपट्ट्यासारखा बंपर

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ, थेम्स नदीच्या काठी ॲबिंग्डन नावाचं गाव आहे. तिथल्या कारखान्यात १९६२ साली 'एमजीबी' ही छोटी, बुटकी, उघडझाप करणाऱ्या टपाची गाडी तयार होऊ लागली. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. हे नाव २०१९ पासून आपल्याकडच्या रस्त्यांवरही दिसतं. पण तो जुना कारखाना १९८० मध्येच बंद झाला आणि आता हे नाव दुसऱ्याच कंपनीकडे आहे.

एमजीबीला पुढे-मागे पोलादाचे बारीक, चकचकीत बंपर होते. पोलादावर आधी निकेलचा आणि त्यावर क्रोमियमचा पातळ मुलामा दिला की अशी आरशासारखी चमक येते. चांदीचा कमरपट्टा घातल्यासारखी गाडी दिसायची. पण कमरपट्ट्याने मार थोडाच वाचतो? जरा धक्का लागला की बंपर चेपायचा.

ही अडचण एकट्या एमजीबीची नव्हती. त्या काळच्या पुष्कळ गाड्यांचं असंच होतं. गाडी लावताना हलकासा धक्का लागायचा आणि दिवा फुटायचा, पत्रा चेपायचा. दुरुस्तीचा खर्च मात्र हलका नसायचा! म्हणून अमेरिकेने एक नियम केला. १९७३ सालच्या मॉडेलच्या मोटारी पुढून ताशी सुमारे ८ किलोमीटर आणि मागून ताशी सुमारे ४ किलोमीटर वेगाने आपटल्या, तरी त्यांचे दिवे, पेट्रोलची टाकी वगैरे महत्त्वाचे भाग शाबूत राहिले पाहिजेत. पुढच्याच वर्षी मागच्या बंपरलाही ८ किलोमीटरची अट लागू झाली. शिवाय बंपर जमिनीपासून ठरावीक उंचीवर हवा, हेही आलं. एकाचा बंपर वर आणि दुसऱ्याचा खाली असला, तर एक गाडी दुसरीच्या खालीच घुसेल, नाही का?

काळा बंपर आला

एमजीबी मोठ्या संख्येने अमेरिकेत विकली जायची. त्यामुळे नियम पाळणं भागच होतं. १९७४ मध्ये गाडीचे चकचकीत बंपर गेले आणि जाडजूड काळे बंपर आले. लोक त्यांना 'रबर बंपर' म्हणतात, पण गंमत अशी की ते रबर नाहीच! ते पॉलियुरेथेन नावाचं प्लास्टिक आहे आणि त्याच्या आत पोलादाचा भक्कम सांगाडा आहे.

नियमांत बसण्यासाठी गाडीही सुमारे एक इंच उंच केली. इथेच घोटाळा झाला. दोन्ही टोकांना वजन वाढलं, वर गाडी उंच झाली. त्यामुळे वळणावर ती पूर्वीपेक्षा जास्त कलंडू लागली. बैलगाडीत कडबा उंच रचला की वळणावर ती कशी डुलते, तसंच. पुढे १९७७ च्या मॉडेलमध्ये कंपनीने मागच्या बाजूला कलंडणं कमी करणारी एक दांडी बसवली, तेव्हा कुठे गाडी थोडी सावरली.

हाच नियम जर्मनीच्या पोर्शे कंपनीलाही पाळायचा होता. त्यांनी १९७४ सालच्या '९११' गाडीला ॲल्युमिनियमचे बंपर लावले आणि बाजूंना हार्मोनियमच्या भात्यासारख्या रबरी घड्या दिल्या. अमेरिकेत जाणाऱ्या गाड्यांत आतमध्ये तेलाचे दट्टे होते. धक्का बसला की बंपर आत जायचा आणि पुन्हा बाहेर यायचा. नियम एकच, पण एकाने घाईने उत्तर लिहिलं आणि दुसऱ्याने विचार करून. परीक्षेत असंच होतं ना?

बंपर काढणारे हौशी लोक

आज या जुन्या एमजीबी जपणारे अनेक हौशी लोक आहेत. त्यांच्यातले काही जण काळा बंपर काढून जुना चकचकीत बंपर बसवतात. हे काम कसं चालतं ते पाहा.

बंपर बोल्टांनी घट्ट बसवलेला असतो. चाळीस-पन्नास वर्षांत ते गंजून गेलेले असतात. जोर लावला तर मोडतात. म्हणून शहाणा कारागीर आदल्या दिवशीच त्यांच्यावर गंज सोडवणारं तेल टाकून ठेवतो. गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर टेकवतो. आतल्या पोलादामुळे बंपर जड असतो, म्हणून दोघं जण मिळून तो सरळ मागे ओढून काढतात.

आणि मग खरं काम सुरू होतं! दिव्यांच्या खालचा पत्रा काळ्या बंपरच्या आकाराप्रमाणे बनवलेला असतो. चकचकीत बंपर तिथे लावला तर फटी उरतात. मग पत्र्याचे तुकडे जोडायचे, वेल्डिंग करायचं, घासायचं, रंग द्यायचा. त्यानंतर गाडीची वाढवलेली उंचीही कमी करायची, नाहीतर रूप जुनं आणि चाल नवी असा प्रकार होतो. म्हणजे बंपर काढायला काही तास आणि बाकीचं निस्तरायला कितीतरी दिवस!

मग हे लोक चूक करतात का? तसं नाही म्हणता येणार. त्यांची गाडी दिसायला छान होते, हलकी होते, वळणावर नीट चालते. पण त्या बदल्यात छोट्या धक्क्यापासूनचं संरक्षण कमी होतं, हे चांगल्या कारागिराला ठाऊक असतं. काय मिळालं आणि काय गमावलं, याचा हिशेब त्याने आधीच मांडलेला असतो. हिशेब न मांडता करवत चालवणारा मात्र फसतो.

आजच्या गाडीच्या बंपरमागे

आता आपल्या रस्त्यावरची आजची मोटार बघा. तिचा मागचा बंपर बाहेरून नुसतं प्लास्टिक वाटतं. वाटतं काय, आहेच! ते प्लास्टिकच्या क्लिपांनी आणि स्क्रूंनी बसवलेलं आवरण असतं. खरी गंमत त्याच्या मागे असते. अनेक गाड्यांत तिथे फोमचा थर असतो आणि त्यामागे पोलादाची किंवा ॲल्युमिनियमची आडवी पट्टी. नारळ आठवा. वर शेंड्या, मग करवंटी, मग खोबरं. उंचावरून पडला तरी खोबरं सहसा शाबूत राहतं.

आवरणावर छोट्या गोल टिकल्याही दिसतात. त्या शोभेच्या नव्हेत बरं! ते सेन्सर आहेत. वटवाघळासारखे ते आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतात आणि परत आलेला प्रतिध्वनी ऐकतात. मागे कुणी असलं की टीं-टीं वाजतं. १ जुलै २०१९ पासून आपल्या देशात नव्या मोटारींना ते सक्तीचे झाले. बंपर रंगवताना त्यांच्यावर जाड थर बसला, तर ते नीट ऐकेनासे होतात.

काढण्याची हौस, तशी लावण्याचीही हौस असते. काही जण गाडीला पुढे-मागे लोखंडी नळ्यांचे गार्ड लावायचे. गाडी कशी दणकट दिसते! पण लोखंड चेपत नाही, म्हणून धक्का थेट गाडीच्या सांगाड्याला जातो, एअरबॅग वेळेवर उघडण्यात गडबड होऊ शकते आणि रस्त्यावरच्या माणसाला तर ते जास्तच लागतं. म्हणूनच डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं.

गाडीने चेपावं हे चांगलं कसं? बेला बारेन्यी नावाच्या अभियंत्याने हेच ओळखलं होतं. गाडीची दोन्ही टोकं चेपणारी असावीत आणि माणसं बसतात तो मधला भाग भक्कम असावा, ही त्याची कल्पना. १९५२ मध्ये मर्सिडीज-बेंझला तिचं पेटंट मिळालं आणि १९५९ च्या गाड्यांत ती प्रत्यक्षात आली. पत्रा चेपतो आणि माणूस वाचतो.

करून पाहा

एक खेळण्यातली मोटार घ्या. पुस्तकांवर फळी टेकवून उतार करा. खाली एक वीट ठेवा. मोटारीच्या टपावर खडूचा छोटा तुकडा उभा करा आणि मोटार सोडा. किती पुस्तकांच्या उंचीवरून सोडल्यावर खडू पडतो ते लिहून ठेवा. आता मोटारीच्या पुढे स्पंजचा तुकडा चिकटवा आणि पुन्हा करा. मग स्पंजऐवजी कागदाची पोकळ सुरळी चिकटवून करा.

स्पंज दबतो आणि पुन्हा पहिल्यासारखा होतो. हा झाला बंपर. सुरळी चेपते ती चेपतेच, पण धक्का स्वतःवर घेते. हा झाला गाडीचा चेपणारा भाग.

आणि हे गणितही लक्षात ठेवा. वेग दुप्पट झाला की धक्क्यातली ऊर्जा चौपट होते. ताशी ८ किलोमीटरच्या धक्क्यापेक्षा ४० किलोमीटरच्या धक्क्यात ती २५ पट असते! बंपर छोट्या धक्क्यासाठी आहे. मोठ्या धक्क्याला त्याच्या मागचं सगळं लागतं, आणि त्याहीपेक्षा कमी वेग.

पालकहो, मुलं वस्तू खोलतात म्हणून रागावू नका. खोलल्याशिवाय कळणार कसं? फक्त काढलेला प्रत्येक भाग समोर ओळीने मांडायला सांगा आणि विचारा, "हा इथे कशासाठी होता?" उत्तर येईपर्यंत काहीही फेकू देऊ नका.

आमच्या त्या मुलाने रिम सरळ करून घेतली. मडगार्ड मात्र परत लावलं नाही. त्याला अजूनही रेसिंगचीच सायकल हवी आहे! पण सीटच्या खालच्या दांडीला त्याने एक पत्र्याची पट्टी स्वतः कापून बसवली आणि तिच्यावर ती लाल चकती लावली. संध्याकाळी तो शाळेच्या फाटकातून बाहेर पडला की मागून येणाऱ्या गाडीच्या उजेडात ती लखकन चमकते.

परवा मी त्याला मुद्दाम विचारलं, "काय रे, शोभेची आहे का ही?"

"नाही बाई," तो हसून म्हणाला, "कामाची आहे. पण शोभतेय की नाही?"

तुमच्या सायकलची चकती जागेवर आहे ना? आजच बघा बरं!