जुना पिकअप घेताना : किंमत एकदाच, खर्च रोजचा

आमच्या कारागीर व छोट्या व्यापारी बांधवांचा धंदा जरा वाढू लागला की पहिला विचार मनात येतो तो स्वतःच्या गाडीचा. मालेगावचा कापडवाला असो, भिवंडीचा गोदामवाला असो, फर्निचर करणारा सुतार असो की कोकणातला मासळीचा व्यापारी असो, भाड्याच्या टेम्पोची वाट पाहून प्रत्येक जण कंटाळलेला असतो. नवी गाडी परवडत नाही, म्हणून नजर जुन्या पिकअपकडे वळते. त्यातही टर्बो डिझेल इंजिनाची, घाटात माल ओढणारी ताकदीची गाडी सर्वांनाच हवी असते. मात्र ज्या गाडीत ताकद जास्त, तिच्याकडून पहिल्या मालकाने कामही जास्त घेतलेले असते. म्हणूनच वर्षानुवर्षांची बचत दलालाच्या हाती देण्यापूर्वी काही गोष्टी तपासाव्यात, असे आम्हांस वाटते.

इंजिन थंड असताना पाहा

गाडी पाहायला सकाळी जावे आणि आधी बॉनेटला हात लावावा. बॉनेट गरम लागले तर मालकाने इंजिन आधीच चालू करून ठेवले होते असे समजावे. थंड इंजिन पहिल्या फटक्यात सुरू होते का, हीच खरी परीक्षा आहे. त्यानंतर धूर पाहावा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल पिते. दाट काळा धूर असेल तर इंजेक्टर, एअर फिल्टर किंवा टर्बो यांपैकी कशाचे तरी काम आहे. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. चालू इंजिनाचे ऑइल भरण्याचे झाकण उघडल्यावर तेथून जोराने वाफारा येत असेल तर पिस्टन-रिंग झिजल्या आहेत. अशा गाडीचे इंजिन काम लवकरच निघणार.

टर्बोचे दुखणे बहुधा सवयीतून येते. लांबचा घाट चढून आल्याबरोबर चावी बंद केली की टर्बोला ऑइल मिळणे थांबते आणि बेअरिंग जळते. थांबल्यावर एखादे मिनिट इंजिन चालू ठेवावे, एवढाच त्यावर उपाय. परंतु पहिल्या मालकाच्या चालकाने तो केला होता की नाही, हे कोणी सांगत नाही. टर्बोच्या नळ्यांत ऑइल साचले आहे का आणि वेग घेताना शिट्टीसारखा आवाज येतो का, हे आपल्या ओळखीच्या मिस्त्रीकडून पाहून घ्यावे. एप्रिल 2020 नंतरच्या बी.एस. 6 डिझेल गाड्यांपैकी अनेकींत धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. गाडी केवळ शहरात थोड्या थोड्या अंतरावर फिरली तर तो तुंबतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. तो बदलण्याचा खर्च मोठा असतो.

ओव्हरलोडच्या खुणा

ज्यादा माल वाहिलेली गाडी खालून ओळखू येते. मागे ज्यादा पाटे टाकले आहेत का, चेसिसला वेल्डिंग केले आहे का, टायर एकाच बाजूने झिजले आहेत का, हे वाकून पाहावे. मासळी किंवा मीठ वाहिलेल्या गाडीचा हौदा वरून रंगवलेला असतो, पण फळीखाली गंज असतो. मीटरवरील किलोमीटरवर भरवसा ठेवू नये. क्लच पेडलचे रबर आणि स्टिअरिंग गुळगुळीत झाले असेल तर गाडी खूप चाललेली आहे. शक्य असल्यास माल भरून चढावर चालवून पाहावी. इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी पुढे सरकत नाही, असे झाले तर क्लच संपला आहे.

आपणही ओव्हरलोडच्या मोहात पडू नये. 1 सप्टेंबर 2019 पासून यासाठी 20,000 रुपये आणि प्रत्येक ज्यादा टनामागे 2,000 रुपये दंड आहे. एका फेरीत दोन फेऱ्यांचा माल नेण्याचा नफा एका चालानात जातो.

हिशेब मांडून पाहा

उदाहरण म्हणून आम्ही एक हिशेब मांडतो. आकडे धरून चाललेले आहेत. वाचकांनी आपापले घालावेत. गाडी 4 लाखांना घेतली आणि 5 वर्षांनी 2 लाखांना विकली, तर महिन्याला सुमारे 3,300 रुपये घट झाली. थर्ड पार्टी विम्याचा हप्ता 2022 साली साडेसात टनांपर्यंतच्या मालगाडीसाठी वर्षाला 16,049 रुपये ठरला होता. त्यात कर व पासिंग धरून महिन्याला 2,000 रुपये, आणि दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायचे 2,000 रुपये. म्हणजे गाडी दारात उभी राहिली तरी महिन्याला 7,300 रुपये खर्च होतात. 60 किलोमीटरच्या एका फेरीला 5 लिटर डिझेल 90 रुपयांनी धरले तर 450 रुपये, टायर व ऑइलचे 60, असे 510 रुपये.

हीच फेरी भाड्याच्या गाडीने 1,500 रुपयांत होत असेल तर दर फेरीला 990 रुपये वाचतात. स्वतः गाडी चालवणाऱ्याला महिन्यात 8 फेऱ्या झाल्या की गाडी परवडते. 15,000 रुपये पगाराचा चालक ठेवला तर मात्र 23 फेऱ्या हव्यात. इतके काम नसेल तर भाड्याची गाडीच बरी. व्याजाचे कर्ज टाळणाऱ्या बांधवांनी दोघांत भागीदारीने गाडी घेण्याचा विचार जरूर करावा. पण कोणाचा दिवस कोणता आणि दुरुस्ती कोणाकडे, हे आधी कागदावर लिहावे.

कागद त्याच दिवशी

आर.सी. बुकावर बँकेचा बोजा आहे का, चालान थकलेले आहे का आणि पासिंग कधी संपते, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. मालगाडीचे पासिंग पहिली 8 वर्षे दर 2 वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करावे लागते. 15 वर्षांवरील गाड्यांची फी 1 एप्रिल 2022 पासून फार वाढली आहे. म्हणून अगदी जुनी गाडी स्वस्त दिसली तरी स्वस्त पडत नाही.

नावावर करण्यासाठी 29 व 30 नंबरचे फॉर्म, बोजा उतरवण्यासाठी 35 आणि परराज्यातील गाडीसाठी 28 नंबरचा फॉर्म लागतो. विमाही आपल्या नावावर करून घ्यावा, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई अडते. आपली जुनी गाडी विकणाऱ्यांनीही सावध राहावे. आर.टी.ओ.च्या दप्तरी ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली दिला आहे. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी दलालाला देणे म्हणजे दुसऱ्याच्या अपघाताचा बोजा आपल्या घरावर घेणे होय.

ताकदीची गाडी धंद्याला बळ देते, पण हिशेब न पाहता घेतली तर धंदाच गाडीला पोसत बसतो. घाई करू नये. ही गाडी गेली तर बाजारात दुसरी मिळेल, गेलेली पुंजी मात्र लवकर जमत नाही.